तक्रारींच्या अकरा वह्या

"परत गिळली," फोनवरचा माणूस म्हणाला. "तिन्ही नाणी गिळली आणि लाइन कापली."

व्हर्ना लिंडक्विस्टने कॉफीचा मग बाजूला सारला, वही उघडली, तारीख घातली आणि झाल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागितली. सहा वर्षांत ती कुणावर एकदाही खेकसली नव्हती.

नेब्रास्कातल्या हमरस्त्यावर, ट्रकवाले थांबत त्या पेट्रोलपंपांवर, एका खाजगी कंपनीचे हे नाणी टाकायचे फोन होते. बोलणं रंगात आलं की तुटायचे. बाहेरून कुणी फोन केला तर वाजायचेच नाहीत. तक्रारीचा नंबर तेवढा डब्यावर चिकटवलेला असे आणि त्याला नाणं लागत नसे. वैतागलेली माणसं तो फिरवत. व्हर्ना ऐकून घेई, बुडालेली नाणी टपालाने पाठवून देई. शिव्या देत सुरुवात करणारा माणूस फोन ठेवताना पाऊसपाण्याचं विचारू लागे. नवरा गेल्यापासून स्वयंपाकघरातलं टेबल हीच तिची कचेरी झाली होती, आणि तिथे तिचं छान चाललं होतं.

आजचा माणूस ड्वेन प्रुइट. त्याची बायको ओमाहाच्या इस्पितळात बाळंतपणात अडली होती, त्याचा ट्रक तीनशे मैलांवर बंद पडला होता, आणि पंपावर फोन हा एवढाच.

"रडू नकोस, लेका," व्हर्ना म्हणाली. "इस्पितळाला मी विचारते. तू पंधरा मिनिटांनी मलाच फोन कर."

त्याने चारदा केला. तीनदा तिने नुसता धीर दिला. चौथ्यांदा सांगितलं, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

पलीकडे ड्वेनने जोरात नाक शिंकरलं. मग तो म्हणाला, "बाई, तुमची कंपनी एक नंबरची लुटारू आहे. पण तुम्हाला कामावर ठेवलं, तेवढं एक त्यांनी चांगलं केलं."

व्हर्ना हसली आणि मुलीचं वजन तेवढं सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. क्लिफर्ड हास, त्या फोनांचे मालक. ड्वेनने कंपनीला पत्र पाठवलं होतं : तक्रारी घेणाऱ्या बाईंचा पगार वाढवा. आता हे सगळं बंद होणार, असं व्हर्नाला वाटलं. तरी तिने त्यांना टेबलाशी बसवलं, कॉफी दिली आणि अकराच्या अकरा वह्या पुढ्यात ठेवल्या.

हास पानं उलटत राहिले. त्यांचे कान लाल झाले. सगळी यंत्रं महिन्याभरात बदलतो, असं ते खाली मान घालून म्हणाले. व्हर्नाला इतकं बरं वाटलं की तिने त्यांच्यापुढे केकचा तुकडाही ठेवला.

त्यांनी तो खाल्ला नाही. शेवटची वही हलकेच मिटली.

"नंबर छापताना एक आकडा चुकला होता, बाई, हे आम्हाला त्या पत्रामुळे कळलं," ते म्हणाले. "सहा वर्षांत तुम्ही एकालाही का सांगितलं नाहीत, की हा राँग नंबर आहे?"