गीझर पेटवून बघू

"ताई, ही जाळी कोणी बुजवली?" स्टुलावर उभ्या असलेल्या अँड्र्यूने विचारलं.

कमलिनीने वर पाहिलं. स्वयंपाकघरात गॅसच्या गीझरशेजारी भिंतीत हवेसाठी जाळी होती. तिच्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर ब्राऊन टेप.

"मीच. धूळ किती येते हो. आणि एसीची हवा जाते ती वेगळीच."

"मोहम्मद बिन झायद सिटीत घरोघरी हेच. माणसं आत गार बसतात आणि गीझरला श्वास नाही." त्याने टेप ओढून काढली.

अँड्र्यू गॅस कंपनीचा तंत्रज्ञ. मूळचा वसईचा. इथे आखातात मराठी घर मिळालं म्हणून खुशीत होता आणि खुशीत असला की तो जरा जास्तच नीट काम करी. दुसरा कोणी एव्हाना सही करून गेला असता. कमलिनीच्या नशिबी नेमका हा आला.

तपासणी अरबाबने, म्हणजे घरमालकाने लावली होती. रिपोर्टमध्ये काही बेकायदा निघालं तर व्हिला खाली करायचा, असं त्याने तिच्या नवऱ्याला, अंबादासला तोंडावर सांगितलं होतं. रेयांशची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. आता घर गेलं तर पोराला घेऊन जायचं कुठे, या विचाराने तिला आठवडाभर धड झोप नव्हती.

"आणि हे काय?" अँड्र्यूने पॅसेजमध्ये चादरीखाली झाकलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"भांडी आहेत."

त्याने चादरीचं टोक उचललं. पन्नास माणसांचा भात शिजेल अशी पातेली.

"डबे करते मी. थोडेच." कमलिनीने चादर पुन्हा नीट ओढली.

अँड्र्यू हसला. "लायसन्स नसेल. असू द्या, ते माझं खातं नाही. मी फक्त गॅस बघतो."

तिने मान डोलावली. खरं तर आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिने फडकं घेतलं आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

"हे कपाट इथेच असतं?" फरशीवरच्या ताज्या ओरखड्यांकडे बघत त्याने विचारलं.

"आजच सरकवलं. सफाई काढली होती."

"मागे गल्लीचं दार असेल ना? मला धुराचा पाइप बाहेरून बघायचाय."

"दाराला कुलूप आहे. किल्ली अरबाबकडे."

"गल्ली मोकळी आहे ना पण?"

"मोकळीच आहे."

तिचा फोन वाजला. अंबादास मुसाफ्फाहहून, कामावरून बोलत होता. "गेला का तो?"

"नाही अजून."

"गल्लीचं विचारलं?"

"हो. सांगितलं."

"मग खलास. थोडी कळ काढ. चहा नको देऊ, चिकटून बसेल."

तिने फोन ठेवला. तोवर अँड्र्यू गीझरचं झाकण उघडून आत टॉर्च मारत होता.

"शेवटचा कधी पेटवला होता?"

"मार्चमध्ये असेल. उन्हाळ्यात कोण पेटवतं? नळालाच उकळतं पाणी येतं. यंदाच्या थंडीत अजून लावलाच नाही."

"मग आज मुहूर्त. चला, पेटवून बघू. एक अगरबत्ती द्या."

तिने देवघरातली अगरबत्ती आणून दिली. त्याने स्वयंपाकघराचं दार लावलं, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. गीझर भुर्रकन पेटला. पाइप जिथे सुरू होतो तिथे त्याने अगरबत्ती धरली. धुराची रेघ वाकली आणि सरळ पाइपात शिरली.

"बघा, कसा ओढून घेतोय. ड्राफ्ट एकदम मस्त. पास आहे तुमचं घर."

कमलिनी सकाळपासून पहिल्यांदा हसली. अंबादासचा सल्ला विसरून तिने चहा टाकला.

अँड्र्यूने नळ तसाच चालू ठेवला आणि टॅबवर रिपोर्ट भरायला बसला. चहा झाला. दुसरा कपही झाला. वसईच्या केळ्यांच्या, मुंबईच्या ट्रॅफिकच्या गप्पा झाल्या.

"ड्राफ्ट उलटा असता तर?" तिने सहज विचारलं.

"तर सगळं या खोलीत भरलं असतं."

"पण वास येईल ना लगेच."

"तीच तर गंमत. गॅस लीक झाला तर वास येतो. जळल्यावर जे निघतं त्याला ना वास, ना रंग. जागा माणूस डोकं दुखलं म्हणून बाहेर तरी पडेल. झोपलेल्याला काही कळतच नाही." त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही नका घाबरू. तुमचं सगळं पाइपातून पलीकडे जातंय."

कमलिनीने उठून नळ बंद केला. गीझर विझला.

"राहू द्या की चालू. फायनल रीडिंग घ्यायचंय."

"नको."

"दोनच मिनिटं, ताई. मग सही करतो आणि निघतो."

तिने कपाटाकडे पाहिलं. रेयांश डोळ्यांसमोर आला, त्याचं टेबल, भिंतीवर चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक. दोन मिनिटांत हा माणूस जाईल. मग तिची ती दार उघडेल, कोणाला कळणारही नाही. ओट्यावर फोन थरथरत होता, अंबादासचाच. तिला फार भीती वाटली.

"भाऊ," ती म्हणाली, "हे कपाट ढकला. माझ्या एकटीने सरकायचं नाही."

"पण किल्ली तर..."

"दाराला कुलूप नाही. ढकला आधी."

दोघांनी मिळून कपाट सरकवलं आणि कमलिनीने दार उघडलं. अंबादासने उन्हाळ्यात गल्लीवर छप्पर घालून, फटी टेपने बंद करून भाड्याने दिलेल्या त्या खोलीत रात्रपाळीहून परतलेली नर्स पर्णिका झोपली होती; त्यांनी हाका मारल्या तरी ती हलली नाही, आणि तिच्या उशाशी भिंतीतून आलेल्या पाइपला तिने आपल्या युनिफॉर्मचा हँगर अडकवला होता.