डाव्या कोपऱ्यातला डाग

डाग तसाच होता. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, जांभळट, आणि त्याची कड लुकलुकत होती.

भगवंतने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. सकाळी बोईसरहून केळव्याला निघाला तेव्हा स्वारी काय ऐटीत होती! वाटेत पोफळीच्या वाड्यांतून येताना ऊन डोळ्यांत नुसतं लकलकत होतं, तरी गडी शीळ घालत आला. समुद्रावरच्या हंसाच्या दुकानात गेम खेळायचं जुनं मशीन होतं, काचेच्या पिक्चर ट्यूबचं. सुट्टीला आलेली मुंबईची पोरं त्याच्यावर तुटून पडायची. चित्र थरथरतंय, असा हंसाचा फोन होता.

आता अशी मशीनं राहिलीत कुठे? डहाणूचं भंगारात गेलं, पालघरचं गेलं. या किनाऱ्यावर उरलं हे एकटं, आणि ते उघडून बघणारा उरला भगवंत एकटा. लेक वैभवी सारखी मागे लागायची, आता पुरे, घरी बसा. तो म्हणायचा, केळव्याचं मशीन चालतंय तोवर मी मेकॅनिक. ते बंद पडलं की मी म्हातारा. थट्टेत म्हणायचा, पण घरी बसायची त्याला खरीच धास्ती होती.

थरथर त्याने लगेच पकडली. खाऱ्या हवेने मागचं एक सोल्डर सुटलं होतं. ते जोडलं आणि चित्र जागच्या जागी उभं राहिलं. हंसाने नाणं टाकून एक डाव खेळूनही बघितला आणि बेस झालं म्हणाली. मग भगवंतला तो डाग दिसला. त्याने बोट ठेवून दाखवला. हंसाने डोळे बारीक केले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तिला काही दिसेना.

"तुम्हाला नाही दिसायचा, ताई," भगवंत म्हणाला. "त्याला नजर लागते मेकॅनिकची."

आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

मग सुरू झाली झटापट. काचेमागच्या जाळीत चुंबकत्व बसलं की रंग बिघडतात, म्हणून त्याने पडद्यासमोर कॉइल फिरवून ते उतरवलं. शेजारचा स्पीकर उपटून लांब ठेवला. मशीनसमोर आरसा उभा केला, स्वतः मागे जाऊन बसला आणि आरशात पडदा बघत रंगांचे स्क्रू फिरवले. लाल कमी केला, निळा वाढवला. आरशातही डाग डाव्याच कोपऱ्यात. हंसाने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. मान अवघडली. मेला डाग काही हलेना. राहू द्या की, पोरं खेळायला येतात, कोपरे बघायला नाही, असं हंसाने सांगून पाहिलं. पण डाग असलेला पडदा भगवंतने उभ्या जन्मात कुणाला परत दिला नव्हता. मोठा हट्टी माणूस.

शेवटी त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ट्यूब गेली, हंसाताई. भंगारात द्या."

"पण चालतंय ना, दादा. मला तर चांगलं दिसतं हाय."

"मी खोटं सांगेन का तुम्हाला?"

इतक्या वर्षांत त्याचा शब्द कधी चुकला नव्हता. तिने पदराने काच पुसली आणि भंगारवाल्या चिंधूला फोन लावला.

अख्खी ट्यूब भंगारात द्यायची नाही, हा भगवंतचा नेम. आत हवा नसते. कुठे आदळली तर काचा उडून एखाद्याचा डोळा जायचा. त्याने वीज बंद केली, मशीनच्या मागे हात घातला आणि पकडीने ट्यूबच्या शेपटाचं टोक मोडलं. हवा आत शिरू लागली. सुस्स असा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला. ट्यूब आता कायमची मेली होती. भगवंतला रडू आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

चिंधू आला, माणसं लावून मशीन टेम्पोत चढवून घेऊन गेला. मशीनमागची चुन्याची भिंत उघडी पडली. भगवंत तिकडे बघत उभा राहिला. भिंतीवर डावीकडे, खाली, जांभळट डाग होता. मशीनची धग लागून पडला असेल, असं म्हणून तो पुढे झाला, वाकला, पुसायला हात नेला. हात पोचण्याआधी डाग सरकला.

तेव्हा त्याला आरसा आठवला. तिथे डाग उजवीकडे दिसायला हवा होता.

"काय शोधता, दादा?" हंसाने मागून विचारलं.

तो वळला. डाग आता हंसाच्या खांद्यावर होता, आणि त्याची कड लुकलुकत होती.