शिंप्याच्या दुकानापुढचा ओटा

रावेरच्या बाजारपेठेत नूर महंमदचं शिवणकामाचं दुकान आहे. मिश्रीलाल शेठ आपलं कापडदुकान मुलाच्या हाती सोपवल्यापासून रोज सकाळी नूर महंमदच्या ओट्यावर येऊन बसत. इकडे मशीन चालायचं, तिकडे शेठचं बोलणं. जेवणवेळ झाली की शेठ उठत. अशी अकरा वर्षं गेली.

नगरपालिकेने बाजारपेठ सुधारायला घेतली तेव्हा सगळे ओटे तुटले. रुंद फुटपाथ झाला, एकसारख्या पाट्या लागल्या आणि चौकातल्या निंबाखाली एक बाक बसवला. शेठ आठवडाभर दुकानापुढे उभ्यानेच बोलले. मग गुडघे ऐकेनात, तसे ते बाकावर जाऊन बसू लागले. नूर महंमदला हातातलं काम टाकून जाता येईना. शेठ तिथून हात वर करत, हा इथून करी. बोलणं तेवढंच उरलं.

एके दिवशी पालिकेचे इंजिनिअर पाहणीला आले.

"चाचा, धंदा कसा आहे आता?"

"वाढला, साहेब. बायामाणसं निवांत येतात."

"मग काही अडचण?"

नूर महंमदने चौकाकडे बोट केलं. "तो बाक इथं आणता येईल का?"

"इथं? दुकानाचं तोंडच अडेल, चाचा. गिऱ्हाईक आत कसं येणार?"

नूर महंमदने मशीन थांबवलं.

"गिऱ्हाईक काय, साहेब," तो म्हणाला, "माप देऊन निघून जातं."