पहारा

"आजोबा, पालथे झोपा हो. ऑक्सिजन वाढला नाही तर व्हेंटिलेटरवर घालतील," मार्था सिस्टर पुन्हा विनवत होती.

"पालथा पडलो तर ती कशी दिसणार?" घोलप आजोबांनी पायथ्यापलीकडच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेपल्याड बायकांच्या वॉर्डात आजींची खाट होती. "मी बघत नसलो की मास्क काढून ठेवते. महाहट्टी!"

वाद घालायचं त्राण सिस्टरमध्ये उरलं नव्हतं. पीपीई किटच्या आत घाम निथळत होता. "तुमच्याऐवजी मी बघत बसते. झालं?" तिने काचेसमोर स्टूल ओढलं.

आजोबांच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा: शहाऐंशी.

सिस्टर दचकून जागी झाली. डोळा लागला कधी? आजींचा मास्क? तो जागेवर होता. ती गर्रकन वळली, तर उशाला आजोबांचे पाय!

उशी पायथ्याशी नेऊन, ऑक्सिजनची नळी ताणून आजोबा उलट्या दिशेने चक्क पालथे पडले होते. हनुवटी उशीवर, नजर काचेवर.

यंत्रावर आकडा: ब्याण्णव.

"मला उठवायचं तरी!"

"उठवणारच होतो," आजोबा मास्कमधून पुटपुटले. "तिनेच तिकडून हात जोडून खुणावलं, पोरीला झोपू द्या."