डावा हात

डेंटल कॉलेजातला माझा पहिला पेशंट म्हणून सख्ख्या मावशीलाच खुर्चीत बसवलं, तरी घाबरून मी हातमोजा दोनदा उलटा चढवला. "दुखलं तर डावा हात वर कर. पण हलू नकोस हं, मशीन जिभेला लागेल," मी तिला बजावलं.

सरांनी माझ्या डोळ्यांवर तो नवा चष्मा चढवला. "यात फक्त दात दिसतो, बाकी सगळं काळं. मग घाबरायला उरतंच काय?"

खरंच, भीती कुठल्या कुठे पळाली. काळोखात एकच दात निळा चमकत होता. किडीवर लाल ठिपका दिसायचा, तो कोरून काढला की टिंग वाजायचं आणि एक सोनेरी तारा उगवायचा. मला चेवच चढला. पाचवा तारा उगवला, चष्म्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मी ऐटीत चष्मा काढला.

मावशीचा डावा हात हवेत थरथरत होता. उशी कानापाशी ओली झाली होती.

"अगं, कधीपासून?" मी कसंबसं विचारलं.

तिने लाळ पुसली.

"पहिल्या टिंगपासून, बाळा."