पासची सही

कारखान्यातच बनवून प्रेसखाली बसवलेला पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या टणक प्लास्टिकचा, ठोकळा फुटला आणि त्याचा तुकडा प्रेसवरच्या धनाजीच्या डाव्या डोळ्यात शिरला. त्याला जीपमधून दवाखान्यात नेताच तिथेच कामाला असलेला त्याचा थोरला भाऊ रंगराव मॅनेजर सबनीसांची कॉलर धरून त्यांना ओव्हनकडे फरफटत घेऊन गेला.

"सोळा तास तापवायचा माल चार तासांत काढलास न्हवं? आता तूच बस आत!" त्याने सबनीसांचं डोकं ओव्हनच्या दारावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. कामगारांपैकी कुणीच पुढे झालं नाही.

लॅबमध्ये माल तपासणाऱ्या हेमांगीला कारण ठाऊक होतं. त्या मालात कडक आणि मऊ असे दोन भाग असतात. पुरेसा वेळ उष्णता मिळाली, तरच कडक भाग एकमेकांना घट्ट धरतात. नाहीतर वरून टणक दिसणारा ठोकळा दाबाखाली फुटतो. सबनीसांना तिने हे सांगितलं होतं. ते अंगावर ओरडले, तेव्हा तिने घाबरून माल पास केला होता.

रंगरावने पुन्हा डोकं आपटलं आणि ओव्हनचं दार उघडलं. गरम झळ आली. हेमांगी धावत मध्ये घुसली.

"रंगरावदादा, सोडा त्यांना! पासची सही माझी आहे."

त्याने उगारलेली मूठ तिच्या तोंडासमोर थांबली. "ताई, तुम्ही?" म्हणत तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला.

माल अर्धवट तापवल्याबद्दल पोलिसांना तिने सबनीसांचं नाव सांगितलं, तो पास केल्याबद्दल स्वतःचंही सांगितलं. सबनीसांना कुणी मारलं, या प्रश्नावर मात्र ती शेवटपर्यंत गप्प राहिली.