अर्धा भार

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मोरेश्वररावांना बजावलं होतं, "चालताना बोलता येईल, इतक्याच वेगानं चाला." पण ते मैदानाला अशा फेऱ्या घालायचे, जणू कारखान्याचा भोंगा झालाय आणि कामाला उशीर होतोय.

आज त्यांची बायको इंदुमती सोबत निघाली. "अहो, बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"उखाणा घ्या. दम न लागता पुरा झाला, तर वेग बरोबर."

ते हसले. "कडुनिंबाच्या फांदीवर बसला हिरवा रावा, इंदुमतीनं..." धाप लागून पुढचं राहिलंच.

"लग्नातसुद्धा अर्धाच घेतला होतात," ती म्हणाली. "हळू चला."

ते हळू झाले. धाप ओसरली. मग ते म्हणाले,

"रात्र रात्र झोप नाही, भीती वाटते फार..."

आणि थांबले. या वेळी धाप लागली नव्हती. ऑपरेशनपासून हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

इंदुमतीनं पदर सावरला, लग्नात सावरला होता तसाच.

"मोरेश्वररावांनी द्यावा मला अर्धा त्यांचा भार."

पुढची फेरी त्यांनी बोलत बोलत घातली.